गर्दीत उकळणारी गाडी

आमची गाडी मोकळ्या रस्त्यावर गरीब गाईसारखी चालायची आणि गर्दीत शिरली की उकळायची. मला तिचा राग कधी आला नाही. चार माणसांत गेलं की माझेही कान तापतात आणि घशाला कोरड पडते. फरक इतकाच की मला बघायला रस्त्यावर माणसं जमत नाहीत.

हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निपाणीकडच्या खेड्यातली, तेव्हा चुका असणारच. पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. वही मध्येच ‘काय म्हणालीस? मोठ्यानं बोल,’ असं म्हणत नाही.

वर्ष नक्की आठवत नाही. राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं आणि माझी थोरली अजून झाली नव्हती. आम्ही बंगळुरात मल्लेश्वरमला राहायचो. सासरची माणसं मराठी खरी, पण कधी तीनशे वर्षांमागे इकडे येऊन राहिलेली. त्यांच्या मराठीत ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, असं मिसळलेलं होतं की लग्नानंतरचे पहिले सहा महिने मी नुसती मान हलवत होते. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरात काही ठरलं की ते ‘हुकूम झाला’ म्हणायचे आणि मग त्यावर अपील नसायचं.

त्या घरची एक रीत होती. सुनेनं सासऱ्यांशी सरळ बोलायचं नाही. मला अण्णांना काही सांगायचं असलं तर मी सासूबाईंना सांगायचं आणि सासूबाईंनी अण्णांना. तिघंही एकाच व्हरांड्यात हाताच्या अंतरावर बसलेले असलो तरी. मला या रीतीचा काही जाच वाटला नाही. खरं सांगायचं तर आणखी दोन-तीन माणसांशीही असंच बोलायची सोय असती तर बरं झालं असतं.

उदाहरणार्थ बसचा कंडक्टर. तो ‘एल्लिगे?’ म्हणून विचारायचा, म्हणजे कुठे जायचंय. उत्तर मला माहीत असायचं. ते तोंडातून निघायचं नाही. एकदा उतरायचं होतं मल्लेश्वरमला आणि उतरले यशवंतपूरला, कारण तिथे बसच संपली. परत चालत आले. त्यानंतर मी बसमध्ये चढायचं नाव काढलं नाही आणि दीड-दोन वर्षं माझं बंगळूर म्हणजे स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि कोपऱ्यावरचं देऊळ.

मग गाडी आली. यांच्या कचेरीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता, त्याची गाडी यांनी घेतली. काळी, गोलसर, पुढे चकचकीत जाळी. मला मागच्या सीटवर डावी खिडकी मिळाली. रविवारी आम्ही लालबागेत जायचो, कधी हेसरघट्ट्याच्या तळ्यावर, कधी नुसतेच दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, दुकानांच्या काचा बघत फिरायचो. मी त्या खिडकीतून टोप्या घातलेल्या मडमा पाहिल्या, फुलांचा बाजार पाहिला, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान बाहेरून पाहिलं. आणि मला कुणी काही विचारलं नाही. सबंध शहर समोरून जातंय आणि आपल्याला एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, याहून मोठं सुख मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिलं वर्ष गाडी कुठेही गेली, गर्दीतसुद्धा. बिघाड सुरू झाला तो दुसऱ्या दसऱ्यानंतर.

खंडेनवमीला, इकडे आयुधपूजा म्हणतात, आमच्याकडे घरातलं एकूण एक हत्यार पुजलं जायचं. विळी, अडकित्ता, सूप, शिवणयंत्र, अण्णांची दौत आणि टाक. गाडीला तर झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. पण त्या वर्षी यांच्या मनानं घेतलं की गाडीची पूजा नुसती वरवरची नको. आदल्या दिवशी यांनी बॉनेट उघडून इंजिनाचा पंखा काढला. चार पात्यांचा, बैलगाडीच्या आऱ्यांसारखा. तो रॉकेलनं धुतला, त्याला चंदेरी रंग दिला आणि देवासमोर पाटावर आणून ठेवला. अण्णा बघायला आले.

‘साक्षात सुदर्शनचक्र रे,’ अण्णा म्हणाले.

हळदकुंकू लावायचं काम माझं. मी प्रत्येक पात्यावर हळदीची दोन बोटं ओढली आणि वर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. रंग अजून पुरता सुकला नव्हता, त्यामुळे कुंकू त्यात कायमचं बसलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर यांनी पंखा जागच्या जागी लावला, नारळ फुटला, गाडी देवळाला फेरी मारून आली. सगळं छान.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही अव्हेन्यू रोडला गेलो. तो रस्ता असा की माणूससुद्धा आडवा होऊनच पुढे सरकतो. पुढे कापडाच्या गाठींची बैलगाडी, मागे जटका, म्हणजे इकडचा टांगा, दोन्ही बाजूंना सायकली. गाडी एक हात पुढे जायची आणि थांबायची. असं पाचदहा मिनिटं झालं आणि पुढच्या जाळीतून वाफ निघायला लागली. आधी थोडी, चहाच्या आधणासारखी. मग शिट्टी.

हे खाली उतरले. तोवर माणसं जमलीच होती. बंगळुरात तेव्हा गाड्या थोड्या होत्या पण गाड्यांतले जाणकार पुष्कळ.

‘नीरु हाकी, नीरु!’ पाणी घाला, एक जण ओरडला.

‘गार पाणी घातलं तर इंजिन तडकेल,’ दुसरा.

‘तोंड उघडू नका, अंगावर येईल,’ तिसरा. हे ऐकायच्या आत यांनी टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं होतं. झाकण उडालं, जमलेली माणसं उडाली आणि यांच्या शर्टावर कुंभारवाड्यातल्यासारखं तांबडं पाणी. मी मागच्या सीटवर पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. एका फुलवालीनं खिडकीतून डोकं आत घातलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाहेरच्यांना कन्नडमध्ये सांगितलं की आत एक बाई आहे आणि ती ठीक आहे, पण मुकी आहे.

तासाभरानं गाडी निवली. परत येताना मोकळा रस्ता लागला आणि गाडी काही झालंच नाही अशी चालली.

दंडूतला मिस्त्री आला. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, दख्खनी हिंदी बोलणारा. माणूस सज्जन आणि कसबी. त्यानं यांना एकच विचारलं.

‘साब, भागते वख्त गरम होती, के खडे वख्त?’

‘उभी राहिली की. हळू चालली की.’

‘हौ. तो हवा का मामला है.’ त्यानं सांगितलं की गाडी पळते तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीतून आत शिरतो आणि टाकीतलं पाणी निवतं. गाडी थांबली की वारा नाही, तेव्हा सगळी मदार पंख्यावर. मग त्यानं बॉनेटमध्ये मान घातली. ‘साब, ये पंखा...’

अण्णा व्हरांड्यातून उठले. ‘पंख्याला हात लावू नका. पूजेचा आहे.’

मिस्त्रीनं पटकन हात मागे घेतला, कानाला लावला. ‘नक्को नक्को. पूजा का है तो मैं कायकू हात लगाऊं.’ आणि पंखा सोडून त्यानं बाकी सगळं केलं. पट्टा ताणला. पाणी अडवणारी एक झडप असते, ती काढून टाकली. नळ्या बदलल्या. पुढच्या रविवारी गाडी चिकपेटेच्या तोंडाशी उकळली.

आता घरात प्रत्येकाचं एकेक निदान झालं. अण्णांचं म्हणणं, गाडी विलायती, तिला इकडचं हवामान सोसत नाही. यांचं म्हणणं पेट्रोलमध्ये भेसळ आहे. सासूबाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘ती पाण्याची टाकी कसली असते?’

‘तांब्या-पितळेची,’ हे म्हणाले.

‘आणि तिच्यात वर्षभर विहिरीचं पाणी उकळतंय. आतून चिंच लावली होती का कधी कुणी?’

मिस्त्रीला बोलावून विचारलं तर तो म्हणाला, ‘अम्मा की बात में दम है.’ मग सासूबाईंनी पातेलंभर चिंच भिजत घातली, मी ती कोळली, गाळली, आणि मिस्त्रीनं ती टाकीत ओतून गाडी दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी खालची तोटी उघडल्यावर जे बाहेर आलं ते बघून सासूबाईंचा चेहरा असा खुलला की त्या मुलीच्या लग्नातही तशा दिसल्या नव्हत्या.

‘बघा,’ त्या म्हणाल्या. ‘हे पोटात घेऊन बिचारी फिरत होती.’

दोष इतकाच झाला की टाकी नंतर पुरेशी धुतली नाही. पुढच्या वेळी गाडी मार्केटच्या चौकात उकळली तेव्हा वाफेला साराचा वास येत होता. चांगला सणसणीत, जेवणवेळचा. भाजीवाले उठून बघायला आले. एक जण यांना म्हणाला, ‘आज घरी सार आहे वाटतं, हिंग जरा जास्त झालाय.’ यांनी ते घरी येऊन सांगितलं मात्र, सासूबाई बसल्या जागी ताठ झाल्या.

‘हिंग मी घातलाच नव्हता,’ त्या म्हणाल्या. गाडी बिघडल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. हे मात्र फार लागलं.

पण अण्णा त्या दिवशी गाडीत होते. भर मार्केटात त्यांना खाली उतरून, डोक्यावरचा पेटा सांभाळत, एका कांद्याच्या पोत्यावर पाऊण तास बसावं लागलं होतं, आणि कचेरीत त्यांच्या हाताखाली असलेला एक माणूस नमस्कार करून गेला होता. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि आम्हां सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं.

‘कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी परिशे आहे,’ ते म्हणाले. परिशे म्हणजे बसवनगुडीला मोठ्या नंदीच्या देवळापाशी भरणारी शेंगांची जत्रा. आसपासच्या गावांतून शेतकरी नव्या भुईमुगाच्या राशी घेऊन येतात आणि सगळं बंगळूर तिथे लोटतं. अण्णा दर वर्षी जटक्यानं जायचे. ‘या वर्षी गाडीनं जायचं. नंदीपर्यंत न उकळता पोचली तर राहील. वाटेत उकळली तर मंगळवारी सकाळी मंडीतले एक ओळखीचे व्यापारी येऊन घेऊन जातील. मी त्यांना शब्द दिलाय.’

‘अण्णा, स्वल्प थांबा, मिस्त्री म्हणतो की—’

‘हुकूम झाला.’

मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. त्यातला एकही खडा मला दिसला नाही. त्या दिवशी जेवताना सगळ्यांच्या दाताखाली आले. मला बस दिसत होती आणि कंडक्टर दिसत होता, आणि यापुढे कुणी ‘चल, येतेस का?’ म्हटलं की ‘तुम्ही जाऊन या’ असं म्हणणारी मी दिसत होते. गाडी गेली तर यांच्या सायकलवर हे जाणार, अण्णा जटक्यानं जाणार. मी कुठेच जाणार नव्हते. पण हे कुणाला सांगणार? सुनेला हिंडायला गाडी हवी, हे वाक्यच मुळी त्या घरात बसण्यासारखं नव्हतं.

परिशेला चार दिवस उरले असताना यांनी कचेरीतून रजा काढली, गाडी अंगणात उभी केली आणि इंजिन चालू ठेवून घड्याळ लावून बसले, किती वेळात उकळते ते बघायला. मी तिथेच, गाडीच्या तोंडासमोर, तुरीची डाळ पाखडत होते. अंगणात दुसरीकडे कपडे वाळत होते म्हणून. दोनचार सुपं झाली आणि मला वाटलं, आज सासूबाई ओरडल्या कशा नाहीत?

एरवी मी गाडीसमोर पाखडलं की त्या ओरडायच्या. कारण गाडी चालू असली की सगळी फोलपटं उडून तिच्या जाळीला चिकटायची, पुरुषाच्या मिशीला पिठलं लागावं तशी, आणि मग ती मलाच ओल्या फडक्यानं पुसावी लागायची. आज जाळी स्वच्छ. फोलपटं माझ्या पायाशी पडत होती. मी मुद्दाम एक सूप जाळीच्या अगदी जवळ नेऊन पाखडलं. दोनचार कण जाळीपर्यंत गेले, विचार केल्यासारखे थबकले आणि खाली पडले.

गाडी आत वारा ओढत नव्हती.

मी उठून उघड्या बॉनेटमध्ये पाहिलं. पंखा गरागरा फिरत होता, इतका की पाती दिसत नव्हती, नुसतं एक लालसर कडं दिसत होतं. हे माझं कुंकू. आणि ते पुढच्या बाजूला होतं.

मग मला खंडेनवमीची पूजा आठवली. पात्याची एक बाजू पळीसारखी पोकळ होती आणि दुसरी फुगीर. फुगीर बाजूवर बोट घसरत होतं म्हणून मी पोकळ बाजूला कुंकू लावलं होतं. पंखा परत लावताना हे घुटमळले होते, कुठली बाजू पुढे होती ते काढताना बघायचं राहिलं होतं. अण्णांनी तिथल्या तिथे निकाल दिला होता. ‘त्यात घुटमळायचं काय? कुंकू कपाळाला असतं, पाठीला नसतं. कुंकवाची बाजू पुढे.’ आणि ते आम्हां सगळ्यांना इतकं पटलं होतं की पुन्हा विचार कुणी केलाच नाही.

मी स्वयंपाकघरात गेले, शेगडीसमोर बसले आणि सुपानं वारा घालून बघितला. पोकळ बाजूनं वारा घातला तर निखारे लाल. सूप पालथं करून घातला तर वारा कडांवरून निसटून जातो, निखाऱ्यांवर नुसती राख हलते. चार वेळा करून बघितलं. म्हणजे पात्यांची पोकळ बाजू मागे, इंजिनाकडे हवी होती, ती पुढे जाळीकडे झाली होती. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘अगं, पेटलीय ना ती? किती छळशील?’

दुपारी यांना जेवायला वाढताना मी धीर केला.

‘गाडी श्वास घेत नाहीये,’ मी म्हटलं.

‘कोण?’

‘गाडी. फोलपटं ओढत नाही.’

‘मग बरंच आहे की. आई ओरडणार नाही तुला.’

‘पंखा उलटा बसलाय का, बघाल?’

यांचा घास थांबला. पंखा यांनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. ‘पंखा गोल फिरतो,’ हे मला समजावून म्हणाले, दुसरीतल्या मुलीला सांगावं तसं. ‘गोलाला उलटं-सुलटं काय असणार? भात वाढ.’

मी भात वाढला. शनिवारी मिस्त्री शेवटचा येणार होता. सोमवारी परिशे. मधले दोन दिवस मी मनात वाक्यं जुळवली आणि मोडली. कुंकू मी लावलं, बाजू अण्णांनी ठरवली, बसवला यांनी. सांगायला गेलं तर तिघांच्या चुका एकदम सांगाव्या लागणार आणि त्यांतल्या दोघांच्या चुका काढायची माझी पायरी नव्हती.

शनिवारी मिस्त्री आला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले. सासूबाई पायरीवर. मी सूप घेऊन दारात उभी राहिले. पाखडून झालेलीच डाळ मी पुन्हा पाखडत होते.

‘सासूबाई,’ मी म्हटलं, ‘अण्णांना सांगा, पंखा उलटा आहे.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे वळल्या. मध्ये चार हातांचं अंतर. ‘अहो, ती म्हणते पंखा उलटा आहे.’

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. ‘विचार तिला, कशावरून?’

‘कशावरून गं?’

‘फोलपटं चिकटत नाहीत.’

‘फोलपटं चिकटत नाहीत म्हणते.’

‘कशाला चिकटत नाहीत?’

‘कशाला गं?’

‘जाळीला.’

‘मिशीला,’ सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरी जाळीला त्याच मिशी म्हणायच्या.

वर्तमानपत्र खाली आलं. अण्णांना मिशा होत्या. ‘कुणाच्या मिशीला?’

आता हे असंच चाललं तर सोमवार इथेच उजाडेल, असं मला वाटलं. मी पुढे झाले. अण्णांच्या हातातलं वर्तमानपत्र, एक पान, नुसतं बाहेरचं पान, मी हातात घेतलं. आजही ते आठवलं की माझे कान तापतात. ते पान नेऊन मी जाळीवर टेकवलं आणि हात सोडला. पान सरळ खाली पडलं.

इंजिन घुरघुरत होतं. मग मिस्त्रीनं ते पान उचललं, पुन्हा टेकवलं आणि सोडलं. पुन्हा पडलं.

‘बहूजी बराबर बोलती, साब,’ तो म्हणाला. ‘पंखा उल्टाच है.’

‘तुला माहीत होतं?’ हे ओरडले.

‘पहले दिन से दिखता ना साब.’

‘मग बोलला का नाहीस?’

मिस्त्री फार संकोचला. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, ‘मैं बोलने गया तो अण्णा साब बोले, पूजा का है. मैं समझ्या, तुम लोगां में पूजा के बाद थोडे दिन उल्टा रखने का रिवाज होंगा. दुसरे के देव-धरम में मैं कायकू बोलूं?’

सासूबाई हसायला लागल्या. हळूहळू, आधी खांदे, मग सगळ्याच. यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. अण्णा मात्र गंभीर होते. त्यांच्यापुढे आता खरा प्रश्न उभा राहिला होता. पंखा फिरवला तर कुंकू इंजिनाकडे जाणार, पाठीला. आणि कुंकू पुसायचं म्हटलं तर ते अशुभ. त्यांनी डोळे मिटून विचार केला. मिस्त्री हातात पाना घेऊन अदबीनं उभा राहिला.

‘दुसऱ्या बाजूलाही लावा,’ अण्णा शेवटी म्हणाले. ‘दोन्हीकडून कपाळ.’

तसा हुकूम झाल्यावर मिस्त्रीनं पंखा काढला, मी फुगीर बाजूला चार टिळे लावले, बोट घसरलं तरी लावले, आणि पंखा सुलटा बसला. इंजिन चालू केलं. मी वर्तमानपत्राचं पान जाळीजवळ नेलं तर ते हातातून हिसकावून घेतल्यासारखं जाळीला जाऊन चिकटलं. अण्णांनी तिथेच वाकून त्यातल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, ‘सरी.’

सोमवारी निघालो. हे चालवत होते, अण्णा पुढे, सासूबाई आणि मी मागे. मला नंदीचं काही सुचत नव्हतं, मी त्या जाळीकडे बघत होते. म्हणजे मागून जाळी दिसत नाही, पण बॉनेटच्या कडेवरून वाफ निघाली तर दिसते. अव्हेन्यू रोड गेला. मार्केटचा चौक गेला, तिथे सासूबाईंनी भाजीवाल्यांकडे पाहिलंही नाही. चामराजपेटेपासून गाड्यांची आणि माणसांची रांगच लागली. बैलगाड्या, बस, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. आम्ही एक हात पुढे जायचो आणि थांबायचो. पाच मिनिटं. पंधरा. अर्धा तास. यांचा हात दर थोड्या वेळानं डॅशबोर्डला लागायचा, आईनं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. वाफ नाही. शिट्टी नाही.

‘बघा अण्णा,’ हे म्हणाले. ‘निघून दोन तास झाले.’

अण्णांनी पेटा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे बरं वाटत होतं.

नंदीच्या देवळाचा कळस दिसायला लागला, जत्रा सुरू झाली, दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी, आणि गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

हे उतरले, बॉनेट उघडलं, हात लावला. गार नाही, पण नुसतं कोमट. पाणी काठोकाठ. मग ते मागे गेले, पेट्रोलच्या टाकीत एक काडी घातली आणि कोरडी काडी हातात घेऊन खिडकीशी आले. महिनाभर आम्ही सगळ्यांनी त्या गाडीतलं पाणी इतकं सांभाळलं होतं की पेट्रोल कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

‘उकळली का?’ अण्णांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग?’

‘पेट्रोल संपलं.’

अण्णांनी समोर पाहिलं. देऊळ शंभर पावलांवर होतं. मंडीतले व्यापारी उद्या सकाळी येणार होते.

‘हुकुमात पेट्रोलचा उल्लेख नाही,’ अण्णा म्हणाले. ‘गाडी राहील.’ आणि पेटा डोक्यावर ठेवून सासूबाईंना घेऊन पायी देवळाकडे निघाले. जाता जाता सासूबाईंना म्हणाले, ‘तिला सांग, गाडीपाशी कुणीतरी हवं.’ हे डबा घेऊन पेट्रोल आणायला गेले.

मी एकटी गाडीत. चारी बाजूंनी परिशे. माझ्या खिडकीखालीच एका म्हातारीची शेंगांची रास होती. आधी तिनं टोपली गाडीच्या पायरीवर टेकवली. मग माझ्याकडे बघून, मी काही बोलत नाही असं पाहून, बॉनेट हातानं चाचपलं, ते ऊबदार आहे हे बघून खूश झाली आणि तिनं त्यावर मूठमूठ करत शेंगा पसरल्या. तिच्या शेंगा ओल्या होत्या, उबेनं जरा वाळतील असं तिनं मला खुणेनं सांगितलं. माप माझ्या खिडकीच्या काठावर ठेवलं. मला ओंजळभर शेंगा दिल्या. मी सोलून खात बसले. लोक यायला लागले, आणि गाडीत बसलेली बाई म्हणजे दुकानाची मालकीण असं समजून मलाच भाव विचारायला लागले. मी म्हातारीकडे बोट दाखवायची. नंतर नंतर म्हातारी दुसऱ्या गिऱ्हाइकात असली की मी मापही भरून द्यायला लागले.

हे तासाभरानं डबा घेऊन घामाघूम होऊन आले. बॉनेटवर शेंगांचा ढीग बघून तिथेच उभे राहिले.

‘हे काय? तिला हे काढायला सांग. निघायचंय.’

‘जरा थांबा,’ मी म्हटलं. ‘गिऱ्हाईक आहे.’